बेअरिंग जाईपर्यंत

माझ्या दादाला नात्यागोत्यात सगळे 'होतंय' म्हणतात. तोंडावर नाही, मागे. हे नाव मी पाडलेलं नाही हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात काहीही तिरकं झालं की ते माझ्या नावावर खपवायची पद्धत आहे. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं. कुणी विचारलं, "काय रे, झालं का पीएचडीचं?" की तो चष्मा वर सरकवून म्हणायचा, "होतंय." सुरुवातीला लोकांना कौतुक वाटायचं. मग लोक "हो का" म्हणून विषय बदलायला लागले. पुढे पुढे तर विचारणाराच प्रश्न आणि उत्तर दोन्ही उरकून मोकळा व्हायचा, "काय, होतंय ना?"

माझं ब्युटी पार्लर आहे. तिथे येणाऱ्या बायकांना दुसऱ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं. मी भुवईला दोरा लावलेला, म्हणजे बाई हलू शकत नाही, तरी डोळे मिटून विचारणार, "दादाचं कुठवर आलं?" अशा वेळी दोरा जरा जास्त ओढला जातो. त्याला माझा इलाज नाही.

दादा आधी पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. इंजिनिअर, चांगली कायमची नोकरी. पंप बिघडून परत आला की बहुतेक वेळा त्यातलं बेअरिंग गेलेलं असायचं. बेअरिंग म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं ते गोळ्यांचं कडं. दादाला त्या गेलेल्या बेअरिंगचं भारी वेड. घरी आणायचा, रुमालात गुंडाळून. आई म्हणायची, लोकांची पोरं घरी मिठाई आणतात, आमचं ध्यान भंगार आणतं. त्याच्या डोक्यात एक वंगण होतं, त्याने बेअरिंग जास्त टिकेल असं त्याला वाटत होतं. कारखान्याला त्यात रस नव्हता. पंप लवकर बिघडला तर नवा पंप खपतो, हे साहेबांनी त्याला खासगीत समजावलं. मग दादाने नोकरी सोडली आणि विद्यापीठात नाव घातलं. वहिनी बँकेत होती. ती म्हणाली, "घर मी बघते, तू तुझं ते तेल बघ." तेव्हा हसत म्हणाली होती.

प्रयोगशाळा विद्यापीठाच्या तळघरात. आत शिरलं की एकच आवाज, घूंऽऽ असा, सतत. एका जाड लोखंडी मेजावर मोटर, मोटरला दांडा, दांड्यावर बेअरिंग, आणि बेअरिंगवर तरफेने टांगलेली जड वजनं. बेअरिंगला वंगण लावायचं, वजन टाकायचं आणि मोटर सुरू करायची. मग वाट बघायची. बेअरिंग झिजून खडखडायला लागलं की एक यंत्र ती थरथर ओळखून मोटर बंद करतं. किती फेरे झाले ते मोजणीच्या डब्यावर दिसतं. म्हणजे ते बेअरिंग तेवढं टिकलं. आलेखावर एक ठिपका द्यायचा आणि पुढचं बेअरिंग लावायचं. असे पुरेसे ठिपके झाले की प्रबंध झाला.

साध्या वंगणाची बेअरिंगं शहाण्यासारखी जात होती. ठिपके पडत होते. मग दादाने स्वतःचं वंगण लावलं आणि घोडं तिथे अडलं. बेअरिंग जाईचना. पहिलं गेलं, पण इतक्या उशिरा की दरम्यान माझं लग्न होऊन मी माहेरपणाला दोनदा येऊन गेले. दुसरं त्याहून चिवट. तिसरं लावलं ते लावलंच. दिवस नाही, रात्र नाही, घूंऽऽ.

आईला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

"म्हणजे त्याचं औषध चांगलं आहे ना?"

"हो."

"मग पास करा की."

"आई, ते गेल्याशिवाय किती टिकलं ते कळणार कसं?"

"इतकी वर्षं शिकून हा एक वस्तू मोडायची वाट बघतोय?" आई म्हणाली. "मला सांगितलं असतं तर मी लहानपणीच शाळेतून काढला असता. तेव्हा काय हवं ते मोडायचा."

वहिनी त्या मशीनला 'माझी सवत' म्हणायची. दादा रोज सकाळी आधी तिच्याकडे जाऊन यायचा, मग चहा. मोटर गरम झाली का, वीज जाऊन आली का, वंगण गळत नाही ना. कुठे गावाला जायचं नाही, कुणाच्या लग्नात मुक्काम करायचा नाही. "सवतीला बरं नाही का?" वहिनी विचारायची. "ठणठणीत आहे," दादा म्हणायचा, आणि दोघांचीही तोंडं उतरायची. नवऱ्याचं काम उत्तम चाललंय म्हणून बायकोचा चेहरा पडतो, असं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

आता सरांचं सांगते. दादाचे मार्गदर्शक. विद्यार्थी त्यांना 'बघू सर' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी ते "बघू" म्हणायचे. एक 'बघू' आणि एक 'होतंय'. असली जोडी जमल्यावर काय होणार आणि कोण बघणार! पण माणूस वाईट नव्हता, हे दादा मला सारखं ऐकवायचा. तरुणपणी त्यांनी बेअरिंगच्या आयुष्याबद्दल एक नियम मांडला होता, तो पुस्तकात छापून आला होता. आलेखावरची एक सरळ रेघ होती ती. दादाच्या वंगणाचे ठिपके त्या रेघेच्या शेवटच्या टोकावर पडतील अशी त्यांना खात्री होती. म्हणून त्यांना ठिपकाच हवा होता.

दादाला हे बरोबर वाटत नव्हतं. तो म्हणायचा, बेअरिंग गेलं नाही हीसुद्धा माहितीच आहे. निदान इतकं तरी टिकलं, हे तर कळलं ना? अशा वेळी आलेखावर ठिपक्याच्या जागी उजवीकडे तोंड करून एक छोटा बाण काढतात. बाण म्हणजे, इथवर आलंय, अजून चालू आहे. त्याचा हिशेब करायची रीत आहे, जगभर चालते. तिसरं बेअरिंग पुष्कळ चालल्यावर त्याने असा बाण काढून प्रकरण लिहिलं, आलेख सुबक काढला आणि सरांकडे नेला. वजन वाढवून बघू का, असंही विचारलं. वजन वाढवलं तर आधीचे सगळे ठिपके फुकट, म्हणून सरांनी त्याला नाही म्हटलं. मग सरांनी लाल पेन काढलं आणि बाणावर फुली मारली.

"बाण कसले काढतोस? आलेख आहे का रस्त्यावरची पाटी? ठिपका आण."

"सर, पण बेअरिंग जात नाहीये."

"जाईल. बघू."

दादा घरी आला आणि त्याने खोडरबर घेऊन आपल्या मूळ प्रतीवरचाही बाण पुसला. मी तिथेच बसले होते. म्हटलं, "अरे, भांड की जरा! तुझं बरोबर आहे ना?" म्हणाला, "सही त्यांची लागते." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यानंतर दोन वर्षं ते मशीन चालू होतं. दोन वर्षं! माझा मुलगा रांगायचा तो जिना चढायला लागला.

मधे एकदा मशीन थांबलं. दादाचा फोन आला, "गेलं!" बस, एवढंच. मी हातातलं गिऱ्हाईक अर्ध्या मेकअपवर टाकून आईला घेऊन धावले. आई रडायला लागली. वहिनी बँकेतून अर्धी रजा टाकून केक घेऊन तळघरात आली. त्यावर क्रीमने बेअरिंग काढून आणलं होतं, गोळ्यांसकट. आम्ही तिघी केकभोवती उभ्या, आणि दादा बेअरिंग उघडतोय. त्याने ते पुसलं, भिंगाखाली धरलं, फिरवलं. मग परत पुसलं.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"थरथर मोजणाऱ्या यंत्राची वायर सैल झाली होती. त्याने उगाच मोटर बंद केली."

"आणि बेअरिंग?"

"नव्यासारखं आहे."

मेलं म्हणून सगळे रडायला जमावेत आणि मढ्याने उठून पाणी मागावं, तसं झालं. आईने तरी केक कापला. म्हणाली, आणलाय तर खा. दादाने एक घास खाल्ला, हात धुतले, बेअरिंग परत लावलं आणि मोटर सुरू केली. घूंऽऽ. सरांना हे कळल्यावर ते म्हणाले होते म्हणे, "मशीन थांबलं होतं ना? मग तोच ठिपका धरायचा होतास." दादाने धरला नाही.

मग विद्यापीठाचं शेवटचं पत्र आलं. नोंदणीला आता मुदतवाढ नाही. सत्र संपायच्या आत प्रबंध आला नाही तर नाव रद्द, म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. वहिनीने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि त्या दिवशी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पार्लरात आली. "चल," म्हणाली, "सवतीला भेटून येऊ." वाटेत तिच्या पर्समधून तिने एक कागदाची पुडी काढून दाखवली. आत वाळू होती. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं, तिथली. बारीक, चाळल्यासारखी. मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, मला हे आधी का नाही सुचलं?

दादा मोटरच्या तापमानाची नोंद करत होता. वहिनीने पुडी त्याच्यासमोर मेजावर ठेवली, लपवाछपवी केली नाही.

"चिमूटभर टाकायची. कुणाला कळणार आहे?"

"बेअरिंगला कळेल," दादा म्हणाला.

"अरे, विनोद नको करूस आता!"

"विनोद नाही." त्याने कपाटातून एक जुनं बेअरिंग काढलं आणि भिंगाखाली ठेवलं. "ये, बघ. आमच्याकडच्या एका मुलाने हे केलं होतं." आम्ही दोघींनी बघितलं. गोळ्या धावतात त्या चकचकीत वाटेवर सगळीकडे बारीक बारीक खड्डे होते, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. मग त्याने दुसरं दाखवलं, आपणहून गेलेलं. त्याच्यावर एकच जखम होती, खोल, खपली निघावी तशी. "थकून गेलेलं असं दिसतं. मारलेलं तसं. परीक्षकाने उघडून मागितलं तर एका मिनिटात कळेल."

"आणि नाही मागितलं तर?"

दादाने चालू मशीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "या बेअरिंगने काय केलंय गं? ते चांगलं आहे, एवढाच गुन्हा ना त्याचा?"

वहिनीचा बांध तिथे फुटला. "आणि मी काय केलंय? मी सगळ्यांना काय सांगायचं? चांगलं आहे म्हणून होत नाहीये? वाईट असतं तर एव्हाना झालं असतं? तू त्या सरांना एकदा तरी मोठ्या आवाजात बोललास? माझ्यावर आवाज चढवून तरी दाखव!" दादाने आवाज चढवला नाही. त्याने पुडी उचलली, नीट बंद केली आणि तिच्या हातात दिली. आम्ही बाहेर आलो. वहिनीने वाळू कुंडीत टाकली आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. माझा तर इतका संताप झाला होता की कोणाचा करावा तेच सुचत नव्हतं.

मुदत संपायला आली आणि सरांनी दादाला बोलावलं. सरांची स्वतःची निवृत्तीही त्याच सुमाराला होती. जाण्याआधी टेबल रिकामं करायचं होतं. दादा घरी आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"सर म्हणाले, दे आता."

"काय दे?" आईने विचारलं.

"प्रबंध. तिसऱ्या बेअरिंगचं काय करू विचारलं, तर म्हणाले, बाण काढ आणि दे. काय करणार, बघू."

वहिनीने घास खाली ठेवला. "बाण?"

"हो."

"तोच बाण?"

दादाने मान हलवली. आईला बाणाचं फारसं समजत नव्हतं, पण तिनेही जेवण थांबवलं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, घरचे लोक मागे बसू शकतात. आम्ही तिघी मागच्या रांगेत. आईने पार्लरमधून केस सेट करून घेतले होते. पुढे बघू सर, शेजारी विभागातले आणखी दोघं आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई. पांढरे केस, काटकुळ्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. दादा फार छान बोलला. मी त्याला घरात कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला अर्धंही कळलं नाही, पण बाई मान डोलवत होत्या ते कळलं.

मग त्यांनी शेवटचा आलेख पुन्हा पडद्यावर मागितला.

"हा बाण अगदी योग्य आहे," त्या म्हणाल्या. "हिशेबही उत्तम केलाय तुम्ही. तुमचं वंगण मला फार आवडलं. मला एकच समजत नाही." त्यांनी चष्मा लावला. "हाच निष्कर्ष दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरूनही निघतो. शेवटी काहीच बदललेलं नाही. मग तुम्ही इतके दिवस थांबलात कशाला?"

दादाने उत्तर द्यायच्या आत बघू सर हसले. मोकळेपणाने, मागे रेलून. "अहो, मीही हेच म्हणत होतो! पण हा मुलगा फार चिकट. पूर्ण झाल्याशिवाय हात काढणार नाही." पुढच्या रांगेत दोघं हसले. माझ्या शेजारी वहिनीने माझा हात असा धरला की नखं रुतली. आणि मला खरंच वाटतं, सरांना ते आठवतच नव्हतं. ती फुली त्यांच्या लेखी पेन झटकल्यासारखी होती. ते खोटं बोलले असते तर मला निदान त्यांचा राग धड करता आला असता.

बाई हसल्या नाहीत. त्या दादाकडेच बघत होत्या. "तुम्हाला हा बाण आधी सुचला नव्हता का?"

"सुचला होता," दादा म्हणाला. "काढलाही होता."

"मग?"

"पुसला."

"कोणी?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल, आता तरी बोल! बघू सर पुढे झुकून कुतूहलाने ऐकत होते, जणू त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. दादाने चष्मा वर सरकवला. मला वाटलं, आता हा 'होतंय' म्हणणार.

"मी," तो म्हणाला. "माझ्याच हाताने पुसला."

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं आणि एकदा दादाकडे. मग त्यांनी सही केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी दादाला मिठी मारली आणि त्यांचे डोळे भरून आले. खरोखरच आले.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "मला सवतीकडे घेऊन चल." आम्ही चौघं तळघरात उतरलो. घूंऽऽ चालूच होतं. आता ते चालू ठेवायचं काही कारण नव्हतं, पण दादा बटणाजवळ जाऊन नुसता उभा राहिला. शेवटी वहिनीनेच बटण दाबलं. दांडा बराच वेळ फिरत राहिला आणि मग थांबला. इतकी वर्षं त्या खोलीत आवाज होता की तो गेल्यावर आईने दचकून विचारलं, काय झालं?

दादाने वजनं उतरवली, बेअरिंग काढलं, रुमालाने पुसलं आणि वहिनीच्या हातात दिलं. तिने ते बोटावर अडकवून टिचकी मारली. फिरत राहिलं, जरासुद्धा आवाज न करता. आम्ही सगळे बघत राहिलो.

"चांगलं आहे?" तिने विचारलं.

"फार चांगलं आहे," दादा म्हणाला. आणि मग मशीनच्या थंड होणाऱ्या मोटरवर हात टेकवून तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवून. "जरा कमी चांगलं असतं ना," तो म्हणाला, "तर दोन वर्षांपूर्वीच घरी आलो असतो गं."

बेअरिंग वहिनीच्या बोटावर अजून फिरत होतं. तिने ते दुसऱ्या हाताने धरून थांबवलं.